छिद्र दाखविणारा वैरी नव्हे

शापोरा नदीच्या काठाने ज्यांनी खाजनशेती केली, त्यांना बांधाचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. भरतीच्या एका तडाख्याने सुदृढ बांध सहसा फुटत नाही. कुर्ल्यांनी पाडलेल्या बिळातून प्रथम पाणी झिरपू लागते, मग माती सुटते आणि एके रात्री खारे पाणी शेतात शिरून मिठाने जमीन नासते. म्हणून बांधावरून जाणाऱ्या कोणाही माणसाला बीळ दिसले, तर त्याने हाक मारून सांगावे, ही गावची रीत. ‘तू आमच्या बांधावर कशाला गेलास?’ असे त्याला कोणी विचारीत नाही. विचारणाऱ्याला गाव वेड्यात काढील.

जी गोष्ट शेतकऱ्याला सहज कळते, ती संगणकाच्या युगात सरकारांना, बँकांना आणि मोठमोठ्या कंपन्यांना मात्र अजून पुरती उमगलेली नाही. आज आमच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बँकेतील ठेव, विम्याचा हप्ता, मोपाच्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाचे तिकीट, हे सारे कोठल्या ना कोठल्या संगणकात नोंदलेले असते. त्या संगणकाच्या आज्ञावलीत एखादे छिद्र राहून गेले आणि ते एखाद्या जाणकाराच्या नजरेस आले, तर त्याने ते कोणाला सांगावयाचे? आणि सांगितल्यावर त्याचे आभार मानले जाणार, की त्याच्या दारात पोलीस उभे राहणार? प्रश्न तांत्रिक दिसतो, परंतु त्याचे मूळ नीतीत आहे, आणि त्याची झळ सामान्य माणसाला लागते. म्हणूनच त्याची चर्चा आम्ही या स्तंभात करीत आहोत.

या प्रश्नाचा इतिहास आजचा नव्हे. मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमानसेवा आणि सरकारी खाती ज्यांवर आपला कारभार चालवितात, त्या महाकाय संगणकांना ‘मेनफ्रेम’ म्हणतात. हजारो लोकांचे काम एकाच यंत्रावर एकाच वेळी चालते. तेव्हा एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या कामाला स्पर्श होऊ नये, एकाची माहिती दुसऱ्याने वाचू वा बदलू नये, यासाठी त्या यंत्राच्या मुख्य आज्ञावलीत भिंती उभारलेल्या असतात. साध्या वापरणाऱ्याला या भिंती ओलांडण्याचा अधिकार नसतो. यंत्राच्या चालकाला तो असतो. ज्या चुकीमुळे साधा वापरणारा चालकाचे अधिकार बळकावू शकतो, ती चूक म्हणजे या व्यवस्थेतील सर्वांत भयंकर छिद्र. सामायिक तिजोरीत एका ठेवीदाराच्या हाती साऱ्या कप्प्यांच्या किल्ल्या पडाव्यात, तसाच हा प्रकार.

या धोक्याची दखल घेऊन आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९७३ साली एक जाहीर वचन दिले. ज्याला अधिकार दिलेला नाही असा कोणताही कार्यक्रम यंत्राच्या संरक्षक भिंती ओलांडून जाऊ शकणार नाही, अशी आपल्या नव्या मेनफ्रेम प्रणालीची घडण आपण केली आहे, आणि तरीही असे छिद्र कोणी निदर्शनास आणले, तर ते बुजविण्याची जबाबदारी आपली राहील, असा त्या वचनाचा आशय होता. या वचनातील मर्म नीट पाहावयास हवे. आमच्या मालात दोष नाहीच, अशी बढाई येथे थांबत नाही. दोष निघू शकेल, हे उत्पादक आधीच मान्य करतो आणि तो दाखविणाऱ्यासाठी दार उघडे ठेवतो. ग्राहकाने दोष कळवावा, त्याची क्रमांकानिशी नोंद व्हावी, उत्पादकाने दुरुस्ती पाठवावी, अशी रीतसर वाट त्यातून तयार झाली. अर्धे शतक उलटून गेले, यंत्रांच्या पिढ्या बदलल्या, तरी त्या कंपनीच्या आजच्या मेनफ्रेम प्रणालीला ते वचन लागू आहे.

त्या वचनाला दुसरीही बाजू आहे. उत्पादकाने भिंत बांधून दिली, तरी दाराला कुलूप लावण्याचे काम ग्राहकाचेच. कोणाला कोणता अधिकार द्यावयाचा, कोणता परवलीचा शब्द कोणाकडे ठेवावयाचा, आलेली दुरुस्ती केव्हा बसवावयाची, हे यंत्र वापरणाऱ्या संस्थेने पाहावयाचे असते. दुरुस्ती येऊनही ती महिनोन्‌महिने न बसविणारा ग्राहक उत्पादकाकडे बोट दाखवू शकत नाही. दोष कळविणारा, दोष दुरुस्त करणारा आणि दुरुस्ती बसविणारा, अशा तिघांच्या हातांनी हे काम पुरे होते. त्यांतील एकाने हात आखडता घेतला, तरी छिद्र उघडेच राहते.

छिद्राची माहिती गुप्त ठेवावी की सर्वांना सांगावी, हा वादही जुनाच. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कुलूपकाराने, जी फोडता येणार नाहीत अशी ख्याती होती, ती त्या काळची नामांकित कुलुपे उघडून दाखविली. त्यातील ब्रामा कंपनीच्या कुलपावर दोनशे गिनींचे बक्षीस लावलेले होते, आणि ते उघडण्यास त्याला पन्नासहून अधिक तास खपावे लागले. अशाने चोरांचे फावेल, अशी ओरड तेव्हाही झाली. पण चोर आपल्या धंद्यात कुलूपवाल्यांहून मागे नसतात. अज्ञानात राहतो तो घरमालक. पुढे १८८३ मध्ये कर्कहॉफ्स या विद्वानाने लष्करी सांकेतिक लिपीविषयी असाच सिद्धांत मांडला. एखाद्या व्यवस्थेची रचना शत्रूच्या हाती पडली तरीही ती सुरक्षित राहिली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरच्या अब्रूपुरती ठीक. संगणकाच्या बाबतीत झाकलेल्या मुठीत काय आहे, हे चोराला आधीच ठाऊक असण्याचा संभव असतो.

मेनफ्रेमच्या जगात मात्र गुप्ततेकडे कल अधिक. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा तपशील आय.बी.एम. सर्वांसाठी प्रसिद्ध करीत नाही, तो नोंदणी केलेल्या ग्राहकांनाच कळविते. यामागे कारण आहे. बँकेचे यंत्र दुरुस्तीसाठी वाटेल तेव्हा बंद करता येत नाही, आणि तोवर छिद्राचा नकाशा बाजारात फिरू नये, हे म्हणणे अगदीच सोडून देण्याजोगे नाही. परंतु अशा गुप्ततेने एक भ्रमही पोसला जातो. दोषांची चर्चा कानावर येत नाही, म्हणून दोष नाहीतच, असे व्यवस्थापकांना वाटू लागते.

हा भ्रम स्वीडनमध्ये २०१२ साली भंगला. लॉजिका या कंपनीच्या मेनफ्रेममध्ये परक्यांचा शिरकाव झाल्याचे त्या वर्षी उघडकीस आले, आणि नागरिकांची व्यक्तिगत माहिती बाहेर गेली. तपासात मेनफ्रेमच्या आज्ञावलीतील, तोवर जाहीर न झालेली छिद्रे पुढे आली, आणि त्यांवरील दुरुस्त्या त्यानंतर निघाल्या. प्रमुख आरोपीला २०१३ साली शिक्षा झाली. छिद्र त्यालाही दिसले होते. फरक इतकाच, की दिसलेले छिद्र उत्पादकाला सांगण्याऐवजी त्यातून तो आत गेला. कोणाला ना कोणाला छिद्र दिसणारच असेल, तर ते प्रथम सज्जनाला दिसावे आणि त्याने ते निर्भयपणे सांगावे, अशी सोय करणे हाच शहाणपणा नव्हे काय?

आपल्या देशाने या प्रश्नाचा एक वेगळाच पैलू अनुभविला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली देशी बनावटीचा संगणक उभा केला आणि १९६४ मध्ये तेथे अमेरिकन बनावटीचा मोठा संगणक आला. कार्यालयांतून आणि कारखान्यांतून मात्र आय.बी.एम.च्या यंत्रांचा वरचष्मा होता. परकी चलनविषयक कायद्यान्वये भागभांडवल कमी करण्याच्या प्रश्नावर सरकारशी तिचे जमले नाही, आणि १९७८ साली त्या कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. यंत्रे येथेच राहिली, त्यांचा निर्माता गेला! त्यांच्या देखभालीचा भार ‘सी.एम.सी.’ या सरकारी महामंडळाने उचलला. आपल्या अभियंत्यांनी ती जबाबदारी निभावली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्या प्रसंगाने शिकविलेला धडा आपण विसरलो. यंत्र विकत घेताना, उद्या दोष निघाला तर तो कोणाला सांगावयाचा, कोण दुरुस्त करणार आणि किती वर्षे करणार, हे करारात लिहून घेतले पाहिजे, हा तो धडा.

तो विसरल्याची किंमत गोमंतकाने अलीकडेच मोजली. २१ जून २०२२ च्या मध्यरात्रीनंतर, ऐन पावसाळ्याच्या तोंडी, जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेच्या संगणकावर खंडणीखोरांनी हल्ला चढविला. राज्यातील प्रमुख नद्यांवरील पंधरा केंद्रांकडून येणारी माहिती साठविणारा तो संगणक. त्यातील माहितीला परकी कुलुपे लागली आणि ती उघडण्यासाठी बिटकॉइन या आभासी चलनात खंडणी मागण्यात आली. विषाणूरोधक आज्ञावलीचा अभाव आणि कालबाह्य झालेली संरक्षक भिंत, अशी कारणे खात्याच्याच तक्रारीत नमूद झाली. हा संगणक मेनफ्रेम नव्हता. परंतु दुसऱ्याने पुरविलेली यंत्रणा, चोवीस तास बाहेरच्या जगाशी जोडलेली, तिच्यावर लोकांचा जीव अवलंबून, आणि तिच्यातील छिद्र कळविण्याची रीतसर वाट मात्र नाही, ही स्थिती मेनफ्रेमवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखलेलीच होती.

लोकांचा जीव अवलंबून, हे शब्द आम्ही अलंकारासाठी वापरलेले नाहीत. तिळारीचे पाणी वाढले की पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतील साळ या गावांची झोप उडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तेथील लोकांनी घरात शिरलेले पाणी पाहिले. २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सर्वांत भीषण, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. वाळवंटी फुगली की साखळीच्या बाजारपेठेतील दुकानदार माल वर चढवू लागतो. नदीची पातळी किती वाढली, हे वेळेवर कळण्यावर तेथील गुरेढोरे, धान्य आणि माणसे यांची सुरक्षितता ठरते. समजा, मयेच्या शासकीय तंत्रनिकेतनातील किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या चौकस विद्यार्थ्याला त्या यंत्रणेतील छिद्र महिनाभर आधी दिसले असते. त्याने कोणाचे दार ठोठवावयाचे होते? खात्याच्या कारकुनाचे, परराज्यातील पुरवठादाराचे, की पोलीस ठाण्याचे? आणि ‘तुला हे कळले कसे?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावयाचे होते?

कायद्याकडे पाहिले तर त्या मुलाने गप्प बसणेच पत्करले असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. मालकाच्या वा प्रभारी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून संगणकात शिरणाऱ्याला त्याच्या ४३ व्या कलमान्वये नुकसानभरपाईला जबाबदार धरता येते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले, तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून घोषित केलेल्या यंत्रणेत अनधिकाराने प्रवेश केल्यास ७० व्या कलमान्वये कैदेची मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. हेतूचा विचार ६६ व्या कलमात आहे, हे खरे. पण हेतू शुद्ध होता, हे सिद्ध होईपर्यंत त्या मुलाची पदवी, नोकरी आणि आईबापांची झोप यांचे काय होणार, याचे उत्तर कायदा देत नाही. सद्हेतूने छिद्र शोधून ते कळविणाऱ्याला संरक्षण देणारे स्पष्ट कलम या कायद्यात नाही.

केंद्र सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. संगणकीय आपत्तींची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून काम करीत आहे. छिद्रांची माहिती स्वीकारून ती संबंधित उत्पादकापर्यंत पोहोचविण्याचे कामही ती करते, आणि नव्या छिद्रांना आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याचा अधिकार तिला २०२१ साली मिळाला. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, संगणकीय घाला पडल्याचे कळल्यापासून सहा तासांत तिला वर्दी द्यावी लागते. पण ही सक्ती घाला पडल्यानंतरची. घाला पडू नये म्हणून आधी सांगणाऱ्याला अभय देण्याची तरतूद मात्र मागे राहिली. घर जळल्याची वर्दी सक्तीची, आणि ठिणगी दाखविणारा संशयित, असा हा उफराटा न्याय.

तो नुसता कागदावरचा नाही. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसमवेत मतदान यंत्रातील दोष दाखविणारा अभ्यास २०१० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली. अभ्यासासाठी वापरलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीस गेलेले होते, असा आरोप होता. यंत्र कोठून आले, याची चौकशी व्हावयास आमची हरकत नाही. मतदान यंत्रे विश्वासार्ह आहेत की नाहीत, या वादातही आम्ही येथे शिरत नाही. परंतु शंकेचे निरसन अटकेने झाले नाही, हे मात्र खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कागदी पुराव्याची आवश्यकता सांगितली, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत विधानसभेच्या सर्वच्या सर्व चाळीस मतदारसंघांत मताची कागदी पावती दाखविणारी यंत्रे वापरणारे गोवा हे पहिले राज्य ठरले. आपले मत कोणाला गेले, हे पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मतदाराने काचेआड डोळ्यांनी पाहिले. शंकेला व्यवस्थेने द्यावयाचे उत्तर ते हेच. पुढे २०१८ च्या जानेवारीत, ‘आधार’ची माहिती पाचशे रुपयांत विकली जात असल्याचे वृत्त चंदिगढच्या ‘ट्रिब्यून’ने छापले, तेव्हा प्राधिकरणाने दिलेल्या फिर्यादीत बातमीदाराचेही नाव होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी संगणक न पाहताच केली!

दोष सांगणाऱ्याचे तोंड बंद केल्याने दोष नाहीसा होत नाही, हे गोमंतकाला तरी नव्याने सांगण्याची गरज पडू नये. सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. कागदावर सारे आलबेल होते. तरीही १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट कोसळलीच. टीका न ऐकणारे सरकार आणि दोष न ऐकणारा उत्पादक यांची जात एकच.

इतर देशांनी या बाबतीत शहाणपणाची पावले टाकली आहेत. नेदरलँड्सच्या सरकारने २०१३ साली छिद्रे जबाबदारीने कळविण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि सरकारी यंत्रणेतील छिद्र दाखविणाऱ्याला थट्टेचा मजकूर छापलेला एक सदरा भेट देण्याची प्रथाही पाडली. अमेरिकेने २०२० साली आपल्या केंद्रीय नागरी खात्यांना, छिद्रे कशी व कोणाला कळवावीत याचे धोरण जाहीर करण्याची सक्ती केली, आणि सद्हेतूने केलेल्या संशोधनाबद्दल खटले भरू नयेत, असे धोरण तेथील न्यायखात्याने २०२२ साली घोषित केले. त्या सदऱ्याची किंमत ती काय? पण तो अंगावर मिरविणारा तरुण सरकारचा शत्रू होत नाही, मित्र होतो. हा हिशेब व्यापारी बुद्धीच्या डच लोकांना चांगला कळला.

छिद्र शोधणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत, आणि ती आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगू इच्छितो. दार उघडे दिसले म्हणून आत जाऊन घरातील कपाटे धुंडाळण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. छिद्र आहे, एवढे सिद्ध होण्यापुरतेच त्याने पाहावे. लोकांची माहिती उतरवून घेऊ नये. प्रथम उत्पादकाला आणि यंत्र वापरणाऱ्या संस्थेला लेखी कळवावे, दुरुस्तीला वाजवी अवधी द्यावा आणि तोवर गावभर डांगोरा पिटू नये. हा अवधी किती असावा, याबद्दल जगात मतभेद आहेत. कोणी पंचेचाळीस दिवस देतो, कोणी नव्वद. पण अवधी अनंत असू नये, याबद्दल दुमत नाही. मुदत नसली की उत्पादक स्वस्थ बसतो. आणि कळविण्याआधीच पैशाची मागणी करणारा मनुष्य संशोधक नव्हे, खंडणीखोर होय. त्याच्यासाठी कायद्याने आपला हात जरूर उगारावा.

गोवा सरकारने यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक खात्याने आपल्या संगणकयंत्रणेतील दोष कळविण्यासाठी एक पत्ता जाहीर करावा आणि एका अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी टाकावी. आलेल्या पत्राची पोच ठरावीक दिवसांत द्यावी. नेमून दिलेल्या मर्यादेत राहून दोष कळविणाऱ्याविरुद्ध खाते तक्रार करणार नाही, असे लेखी अभय द्यावे. कारण परवानगी देणे हे मालकाच्याच हाती असते, आणि ४३ व्या कलमाची धार परवानगीने बोथट होते. यापुढील प्रत्येक खरेदीच्या करारात, कळविलेला दोष किती दिवसांत दूर करावयाचा आणि न केल्यास दंड किती, हे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे. दुरुस्ती आल्यावर ती बसविली की नाही, याची नोंद ठेवावी. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत उभारण्याचा संकल्प सोडणाऱ्या राज्याला एवढे अवघड वाटू नये. यासाठी कोट्यवधींची तरतूद लागत नाही. लागतो तो थोडा मनाचा मोठेपणा.

यंत्र कितीही मोठे असले, तरी ते माणसांनी घडविलेले असते, आणि माणसाच्या हातून चूक राहून जाते. १९७३ साली एका परदेशी व्यापारी कंपनीने हे सत्य ओळखून आपल्या ग्राहकांना वचन दिले. लोकांच्या मतांवर उभे असलेले सरकार आपल्या नागरिकांना त्याहून कमी वचन देऊ शकेल काय? पुढचा पावसाळा तिळारीच्या पाण्यानिशी येईलच. त्यापूर्वी, नदीची पातळी सांगणाऱ्या यंत्रात छिद्र दिसले तर ते निर्भयपणे कोणाला सांगावे, एवढे तरी साळच्या आणि इब्रामपूरच्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.